साडेसहाला कोण होतं?

मैंदर्गी,
९ नोव्हेंबर २०२५

गुणाच्या ऋतू,

पत्र बघून दचकू नको. कुणाला कायबी झालेलं न्हाय. झालंय ते माझ्या उजव्या डोळ्याला, आणि ते चांगलंच झालंय. मोतीबिंदू काढला, अक्कलकोटला, तीस तारखेला. तुला आधी बोललो न्हाय, कारण तू लॅबमधी सुट्टी टाकून पळत आली असतीस, आणि नोकरी तर नवी. दवाखान्यातनं मायाक्कानं मला उचलून सरळ आपल्या घरी आणलं. तुझी आत्या दिवसातनं चार वेळा डोळ्यात थेंब घालती आणि मधल्या वेळात भांडती. महिनाभर सोडायची न्हाय म्हणती. हितं सगळी कानडी बोलणारी माणसं, जो येतो तो 'ऊटा आय्ता' म्हणून जेवणाचं विचारतो. मी मान हलवतो, की परत वाढतात!

आता मुद्द्याचं. आपलं रोज सांजचं साडेसहाचं फोनवर लिहीत बसणं अकरा दिवस चुकलं. डॉक्टरनं फोनकडं बघायचं न्हाय म्हटलं, म्हणून फोन होटगीला घरीच ठेवला. पण मनाला चैन पडंना. तूच सांगितलं होतंस, आपल्या त्या 'कुजबूज' ॲपला मधी कुठल्या कंपनीचा कंप्युटर न्हाय, तुझ्या फोनमधनं निघालेलं सरळ माझ्या फोनमधीच येतं, तवा दोन्ही फोन एका टायमाला चालू पायजेत. माझा बंद पडला असता तर तुझा निरोप तुझ्यापाशीच लटकला असता, आणि तुला वाटलं असतं म्हातारा गेला.

म्हणून मी फोनचा चार्ज, म्हंजे ताबा, रीतसर तुझ्या बापाकडं दिला. चौतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमधी काढली, चार्ज दिल्याबिगर जागा कधी सोडली न्हाय. कागदावर लिहून दिलं. फोन सदा चालू ठेवणे. उघडायचा आकडा अमुक अमुक. साडेसहाला ऋतूचा निरोप आल्यास 'आबा मैंदर्गीला हायेत, बरे हायेत' एवढंच कळवणे. खाली अभिमन्यूची सही घेतली. तो हसला, पण केली सही.

आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्या निमित्तानं तुमचे बापलेकीचे दोन शब्द होतील असंबी मनात होतं. ऑगस्टपासनं बोलला न्हाईत तुमी.

त्यानं कळवलं असंलच. मग तुझं पत्र कसं आलं न्हाय अजून? तुझा नवा नंबर माझ्यापाशी न्हाय, त्या ॲपला नंबर लागतच न्हाय. पण हॉस्टेलचा पत्ता पाठ हाय, शेंगाचटणीचा डबा पाठवला होता तवाचा.

तुझा एका डोळ्याचा आबा,
जोतिराम


सोलापूर,
१३ नोव्हेंबर

आबा,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय, तुम्हाला एकट्याला वाचता यावं म्हणून. आत्याला वाचून दाखवायला सांगू नका. दोन दिवस लागले तर लागू देत.

आधी डोळा सांभाळा. धुरात बसू नका. मला न सांगता ऑपरेशन केलंत त्याबद्दल वेगळं भांडणार आहे.

आबा, तुम्ही मैंदर्गीला आहात हे मला कुणीच कळवलं नाही. तुम्ही म्हणता अकरा दिवस चुकलं. काही चुकलेलं नाही. रोज साडेसहाला मी लिहीत होते आणि रोज तुमचं उत्तर येत होतं. परवापर्यंत. 'जेवलीस का' असं रोज पहिलं यायचं. मी चिडवलंसुद्धा, की आबा, हल्ली भराभर टायपता हो, आधी तुमची एक ओळ यायला माझा चहा गार व्हायचा! त्यावर 'सवय झाली' असं आलं.

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात होते. तिथंच ते दोनदा वाचलं.

तीस ऑक्टोबरला मी लिहिलं होतं, 'आबा, आहात का? आज सगळं सांगायचंय.' लगेच आलं, 'हाय. सांग.' आणि मी सांगितलं. साखरपुडा का मोडला ते. तीन महिने कुणापाशी बोलले नव्हते ते. म्हणजे तुम्ही सोडून भलत्यालाच ते कळलंय, आणि तुम्हाला अजून माहीतच नाही. तर आता तुम्हाला सांगते.

साखरपुड्यादिवशी युवराजनं फोटो काढायला म्हणून माझा फोन घेतला आणि माझं रोजचं मेसेजचं ॲप गुपचूप स्वतःच्या लॅपटॉपला जोडलं. दोन मिनिटांचं काम आहे ते. चार महिने तो माझं सगळं वाचत होता. डॉक्टरबाईंशी बोललेलं, पूनमला मैत्रीण म्हणून लिहिलेलं, सगळं. मला अंडाशयात गाठी आहेत, आबा. घाबरू नका, औषध चालू आहे, जिवाला काही नाही. पण ते त्यानं आपल्या मित्रांत बसून हसत हसत सांगितलं. एक दिवस पूनमला लिहिलेलं माझंच वाक्य त्यानं मला जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा कळलं. मी अंगठी परत केली.

अप्पांना कारण कसं सांगणार? तो त्यांच्या जिवलग दोस्ताचा मुलगा, शब्द अप्पांनीच दिलेला. आणि असलं दुखणं बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आई असती तर तिला सांगितलं असतं, तिनं पुढचं बघितलं असतं. अप्पा म्हणाले, 'कारण सांग, नाहीतर या घरात पाऊल ठेवू नको.' मी बॅग भरली.

म्हणून तर ते 'कुजबूज' शोधलं. तुम्ही हॉस्टेलवर आलात तेव्हा तुमच्या फोनवरचा क्यूआर कोडचा चौकोन माझ्या फोननं समोरासमोर टिपला, म्हणजे मधे दुसरं कुणी घुसायला नको. पलीकडचा फोन बदलला तर पिवळी पट्टी येते. रोज बघत होते मी. आली नाही. येणार कशी, फोन तुमचाच होता! रस्त्याचा एवढा बंदोबस्त केला मी, आणि तुम्ही आकडा कागदावर लिहून, वर सही घेऊन दिलात. लिहिलेलं एका दिवसात आपोआप पुसलं जाईल अशीही सोय होती. ती मी लावली नाही, कारण तुम्ही सावकाश वाचता.

सगळ्यात वाईट काय माहितीय? मी सगळं सांगितल्यावर आलं, 'तू बरोबर केलंस.' मी ते रोज सकाळी उघडून वाचायचे आणि मग कामाला जायचे. आता ते कुणाचं आहे? मला बोलतं करायला अप्पांनी टाकलेलं गूळ-खोबरं?

काल आणि आज साडेसहाला मी फोन उघडला नाही.

ऋतू


मैंदर्गी,
१७ नोव्हेंबर

ऋतू पोरी,

भिंग लावून दीड दिवसात वाचलं. मायाक्का 'कुणाचं, काय लिहिलंय' करत सारखी मागं. रेल्वेच्या पेन्शनचा कागद हाय म्हणून सांगितलं. तिला पटलं न्हाय.

तुझ्या गाठींचं वाचलं आणि जीव कसानुसा झाला. औषध टायमावर घे. त्या पोराचं नाव मी या कागदावर लिहीत न्हाय.

चूक माझी हाय. केबिनमधी माझ्या जागी जो येईल त्याला सगळं ठाऊक पायजे, न्हायतर गाडी सिग्नलला उभी. तोच नियम मी हितं लावला, माझं डोकंच फिरलं होतं. तू माझ्यापाशी बोललीस म्हणून ते बोलणं माझं झालं न्हाय. ते तुझंच होतं, माझ्याकडं ठेवायला दिलेलं. ते दुसऱ्याच्या हातात द्यायचा मला काय हक्क? मग तो माझा पोरगा का असंना. माफ कर म्हणायलाबी लाज वाटती, पण म्हणतो.

त्याची बाजू मी घेणार न्हाय. पत्र वाचल्या वाचल्या मायाक्काच्या फोनवरनं त्याला लावून चांगली खरडपट्टी काढणार होतो. निम्मा नंबर दाबला आणि थांबलो. म्हटलं, जोत्या, परत पोरीला न विचारता निघालास की रं!

तर तू सांग. तू म्हणशील तसं.

आबा


सोलापूर,
२१ नोव्हेंबर

आबा,

तुम्ही थांबलात हे वाचून मला रडू आलं. बरं वाटून आलं.

त्यांना काही बोलू नका. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. ते आपणहून सांगतात का, मला बघायचंय. तुम्ही नुसतं सुचवलंत तरी मग ते सांगणं काही कामाचं राहणार नाही. शपथ घाला स्वतःला.

दोन दिवस फोन उघडला नव्हता, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. उघडला, तर तुमच्या नावानं तीन निरोप एकदम आले. 'जेवलीस का.' 'बरी हाईस का.' 'रागावलीस का.' मी लिहिलं, 'जेवले. कामात होते.' तेव्हापासून रोज तेवढंच लिहिते. न जेवता पण लिहिते. कोण विचारतंय ते माहीत असून उत्तर देतेय, हे बरं आहे का वाईट, मला कळत नाही.

तुम्ही होटगीला गेलात की 'कुजबूज' बंद ठेवा, आणि आकडा बदला. नवा कुणाला सांगू नका, मलासुद्धा. सध्या पत्रच बरं. तुमचं अक्षर मला कुठंही ओळखू येतं.

ऋतू


होटगी,
२ डिसेंबर

ऋतू,

चोवीस तारखेला घरी आलो. चष्मा बदललाय, आता भिंतीवरची पालबी डोळे वटारून बघती असं दिसतं.

अभिमन्यूनं फोन परत दिला, सोबत कागद. 'फोन चालू स्थितीत परत केला' असं लिहून खाली सही. मी विचारलं, 'काय विशेष?' खाली बघून म्हणाला, 'काय न्हाय.' मी चार्ज घेतल्याची सही केली. आकडा बदलला. मागचं लिहिलेलं फोनमधी हाय, पण मी त्यातलं एक अक्षर वाचलं न्हाय. तू मला पत्रात सांगितलंस तेवढं माझं, बाकीचं न्हाय.

आता आठ दिवसांचं सांगतो. पेंडीचं दुकान आठला बंद करणारा हा माणूस सव्वासहालाच घरी येतो. माझ्यासमोर खुर्ची टाकतो आणि पेपर उघडतो. पेपर सकाळचाच असतो. फोन माझ्या खिशात, बंद. सात वाजेपर्यंत बसतो, मग विचारतो, 'ऋतूचं काय?' मी म्हणतो, 'काय न्हाय.' मग उठून जनावरांकडं जातो. जेवणात ध्यान न्हाय. भाकरी मोडून ठेवतो आणि तशीच टाकतो.

परवा पंढरपूरच्या त्या दोस्ताचा फोन आला. न्हाय उचलला. परत आला, न्हाय उचलला. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, उचल की, दोस्त हाय तुझा. म्हणाला, 'आबा, त्या घराचं नाव पुन्हा काढू नका.' पोरी, माझ्या जिभेवर आलं होतं गं! 'का रं, काय झालं' एवढंच विचारलं असतं तरी सगळं भडाभडा बाहेर आलं असतं. तुझी शपथ आठवली आणि तंबाखू तोंडात टाकली, म्हंजे तोंड तरी बंद राहील. तंबाखू सोडली होती मी दिवाळीला. त्याचं पाप तुझ्या माथी.

लई दिवस धरवंल असं वाटत न्हाय मला. पण धरतो.

आबा


होटगी,
९ डिसेंबर

चि. ऋतुजा,

पत्र लिहायची सवय न्हाय. चार कागद फाडले, हा पाचवा. तुझा पत्ता आबांच्या कपाटात चटणीच्या पार्सलची पावती होती, तिच्यावरनं उतरवून घेतला. तेबी त्यांना न विचारता. आता सगळंच कबूल करायला बसलोय तर हेबी लिहितो.

तीस ऑक्टोबरपासनं आबांच्या फोनवर तुझ्याशी आबा बोलत नव्हते. मी बोलत होतो. आबा मैंदर्गीला होते. त्यांना यातलं काय ठाऊक न्हाय, त्यांच्यावर राग धरू नको. त्यांनी विश्वासानं फोन दिला, मी तो मोडला.

त्या दिवशी 'आबा मैंदर्गीला हायेत' असंच लिहायला घेतलं होतं. निम्मं लिहून झालं, तोवर तुझं आलं, 'आज सगळं सांगायचंय.' अडीच महिने तुझा आवाज न्हाय की अक्षर न्हाय, ऋतू. मी लिहिलेलं पुसलं आणि 'हाय. सांग.' लिहिलं. तितंच मी घसरलो. तू सांगत गेलीस आणि मी वाचत गेलो. मधी कितीदा वाटलं, सांगावं मी कोण ते. पण सांगितलं असतं तर तू थांबली असतीस.

त्या पोरानं तुझं वाचलं आणि मीबी वाचलं, यात फरक काय? दुकानात पोत्यावर बसून हाच विचार करतोय. मी बाप हाय, काळजीपोटी वाचलं, असं म्हणून स्वतःला सूट देऊन बघितली. जमलं न्हाय. काळजी सगळ्यांनाच असती, त्यालाबी असंल म्हणायला.

'तू बरोबर केलंस' हे आबांचं न्हाय. ते माझं हाय. आबांच्या नावाआड बसलो म्हणून ते माझ्याकडनं लिहून झालं. माझ्या नावानं तोंडातनं निघालं नसतं. आज निघतंय. तू बरोबर केलंस. मी चुकलो. कारण सांग, मगच लेक, असं कुठला बाप म्हणतो? मी म्हटलं.

पंढरपूरला जाऊन त्याचं थोबाड फोडायचं होतं. बसस्टँडपर्यंत गेलो आणि माघारी आलो. कारण तितं जाऊन मी काय बोलणार? तुझं दुखणंच परत चारचौघांत उघडं पडलं असतं. दोस्ती तोडली, का ते त्याला सांगितलं न्हाय.

फोन परत देताना ते सगळं पुसणार होतो, आबांनी बघू नये म्हणून. आणि खरं तर माझी चोरी झाकायला म्हणूनबी. पण पुसलं न्हाय. तुझं बोलणं हाय ते, मी कोण पुसणार.

घरात पाऊल ठेवू नको म्हटलेलं मागं घेतो. ये, असं म्हणायचा मात्र हक्क राहिला न्हाय मला. तुझ्या गाठींना आता कसं हाय, तेवढं एखाद्या पोस्टकार्डावर कळव. न्हाय कळवलंस तरी मी समजून घेईन.

अप्पा


सोलापूर,
१४ डिसेंबर

अप्पा,

तुमचं पत्र काल मिळालं. हॉस्टेलवरून लॅबला जाताना सात रस्ता चौकात उभ्या उभ्या फोडलं, मग संध्याकाळी हॉस्टेलवर येऊन पुन्हा वाचलं.

मला हे माहीत होतं. बारा नोव्हेंबरपासून माहीत होतं. आबांनी मैंदर्गीहून त्यांच्या ऑपरेशनचं साधं पत्र टाकलं, त्यावरून कळलं. तुम्हाला काही सांगायचं नाही अशी शपथ मीच त्यांना घातली होती, तेव्हा त्यांच्यावर ओरडू नका. बिचारे तंबाखू खाऊन गप्प बसले होते. आणि त्यानंतर आबा परत येईपर्यंत 'जेवलीस का' आलं की मी 'जेवले' लिहायचे, ते तुम्हालाच लिहायचे. म्हणजे थोडं नाटक मीही केलं.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. अप्पा, मला खूप राग आलाय. ज्या एका ठिकाणी मला भीती वाटत नव्हती तिथं तुम्ही येऊन बसलात, तेही आबांचा चेहरा लावून. आता साडेसहा वाजले की मी फोन पालथा ठेवून खोलीबाहेर जाते. हे सुटायला वेळ लागेल, आणि किती लागेल ते मला विचारू नका.

पण तुम्ही विचारलंय, त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय. मी युवराजला त्याच्याच लॅपटॉपसमोर पकडलं होतं. स्क्रीनवर माझे मेसेज दिसत होते, तरी तो म्हणत होता, मी वाचलेच नाहीत. तुम्हाला कुणी पकडलं नव्हतं. तुम्ही गप्प राहिला असतात तर तुमच्या समजुतीप्रमाणे मला जन्मात कळलं नसतं. तरी तुम्ही सांगितलंत. पाच कागद घेऊन का होईना, सांगितलंत. हा फरक मला लहान वाटत नाही.

घरी कधी येईन ते आत्ता सांगत नाही. येईन तेव्हा दिवसा येईन, आधी कळवून.

एक मात्र आजच करायचंय. आबांच्या फोनवर जे तुम्ही वाचलंत, ते मी आबांना सांगितलं होतं. तुम्हाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ते आता सांगते. तुम्ही यातलं काही वाचलेलं नाही असं धरा आणि हे पहिल्यापासून वाचा. लाज वाटली तर थोडं थांबा, मीही थांबत थांबतच लिहितेय. पण मधलं पान गाळू नका.

मार्चपासून माझी पाळी नीट येत नव्हती, अप्पा. पोटात दुखायचं आणि मी कुणाला सांगितलं नाही. मग एका शनिवारी मी एकटीच डॉक्टरबाईंकडे गेले. बाहेर बाकावर माझ्या शेजारी सगळ्याजणी कुणाला ना कुणाला घेऊन आल्या होत्या. माझं नाव पुकारलं तेव्हा बाईंनी विचारलं, बरोबर कोण आलंय? मी म्हटलं, वडील बाहेर उभे आहेत.